सिस्टरचा वड आणि माझा हातभार

ज्या माणसानं झाड चोरलं, त्याला गेट मी उघडून दिलं. झाड जड होतं म्हणून एका बाजूनं मी धरलं. टेम्पोत ठेवताना खाली पोतं अंथरायला लावलं, आणि "सावकाश ने, पानं गळतील," असंही वर बजावलं.

आता माझा धंदा सांगतो. नांदेडला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. कॅमेरे, अलार्म, गेटचे लॉक असलं सगळं मी बसवतो, नांदेडात आणि लातूरलाही. म्हणजे चोऱ्या होऊ नयेत याचे लोक मला पैसे देतात. त्या दिवशी मी लातूरला होतो, आणि त्याच झाडांवर नजर ठेवायला कॅमेरे लावत होतो.

घर इंगळे सिस्टरचं. औसा रोडच्या आत एका जुन्या कॉलनीत त्या एकट्या राहतात. सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झाल्या, पण अख्खी कॉलनी त्यांना अजून सिस्टरच म्हणते. लग्न केलं नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत हिरव्या जाळीखाली लोखंडी रॅक आहेत आणि त्यांच्यावर त्यांचा सगळा गोतावळा. चिंच, उंबर, पिंपळ, बोगनवेल, सगळं हातभर उंचीचं. बोन्साय म्हणजे बुटक्या जातीचं झाड, असं मला वाटायचं. तसं नसतं. झाड साधंच असतं. त्याला उथळ ट्रेमध्ये ठेवून, मुळं छाटून, फांद्यांना तार बांधून लहान राहायला शिकवायचं, आणि हे शिक्षण झाडाच्या मरेपर्यंत संपत नाही. एक उन्हाळा दुर्लक्ष केलं की वर्षानुवर्षांची मेहनत वाळून जाते.

या सगळ्यांत मोठा होता वड. सिस्टर क्वार्टरमध्ये राहायच्या तेव्हा भिंतीच्या भेगेत उगवलेला. भिंत फुटेल म्हणून मजूर त्याच्यावर ॲसिड टाकायला आला होता. त्याच्या आधी सिस्टरनं तो मुळासकट उपटला आणि सलाइनच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात लावला. तेव्हापासून तो त्यांच्यासोबत आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी आधी वडाला जायचं, मग फरशीला. पारंब्या सोडलेला, बुंधा मनगटाहून जाड, आणि सगळा मिळून दीड-दोन फूट.

महिन्यापूर्वी त्यांची दोन लहान झाडं भिंतीवरून कुणीतरी उचलली होती. म्हणून मला बोलावणं आलं.

मी आलो, पाहणी केली, मोठं भाषण दिलं. सिस्टर, चोराला सगळ्यात जास्त भीती कशाची? कॅमेऱ्याची. कॅमेरा दिसला की तो लांबूनच हात जोडतो. सिस्टर ऐकून घेत होत्या. कुणी पेशंट जास्त बोलला की त्या तशाच ऐकून घेत असाव्यात. मग ओळखीच्या कुणाला तरी बघायला दवाखान्यात निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, "गेट लावून घ्या."

मी लावून घेतलं. चारही कॅमेरे बसले होते, लाल दिवे लागले होते. फक्त रेकॉर्डिंग चालू नव्हतं. कॅमेरा नुसता बघतो. लक्षात ठेवायचं काम डीव्हीआर नावाचा डबा करतो, आणि त्या डब्यात बसायची हार्डडिस्क अजून माझ्या बॅगेत होती. तेवढ्यात गेट वाजलं. बाहेर टेम्पो, आणि स्वच्छ पांढऱ्या शर्टातला, तिशीतला एक माणूस. "सिस्टरचा वड न्यायचाय, रिपॉटिंगला," म्हणाला. रिपॉटिंग म्हणजे झाड ट्रेमधून काढून, मुळं छाटून नव्या मातीत लावणं. हा शब्द मी त्याच सकाळी सिस्टरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. त्यामुळं तो वापरणारा माणूस मला जाणकार वाटला. तरी मी विचारलं, सिस्टरला माहीत आहे ना? तो म्हणाला, त्यांनीच तर पाठवलं. झाली माझी चौकशी.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. जाताना त्यानं माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या काचेत बघून भांग नीट केला. मला वाटलं, छान, लोकांना कॅमेऱ्याची सवय व्हायला लागली.

सिस्टर परत आल्या. मी शिडीवरूनच सांगितलं, तुमचा माणूस येऊन वड घेऊन गेला. त्या मागं गेल्या. मी वाट बघत होतो की आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रिकाम्या रॅकपाशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "त्याला पाणी कसं घालायचं ते सांगितलं का?"

मी म्हटलं, सिस्टर, तो तुमचाच...

"माझा कुणी माणूस नाही, बालाजीराव."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज न चढवता, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं. ट्रे चार बोटं खोल. पाऊस अजून आलेला नाही, दुपारी अंग भाजतंय. सकाळ-संध्याकाळ पाणी नाही मिळालं तर उद्या पानं मलूल होतील, परवा गळतील. वड चिवट असतो, पानं गळूनही जगतो. पण मुळं सुकली की बारीक फांद्या जातात, आणि त्या फांद्यांमध्येच त्यांचं सगळं आयुष्य होतं. हे शेवटचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. ते मला त्यांच्या हाताकडं बघून कळलं.

तेव्हा पहिल्यांदा मला या चोरीचा वेगळेपणा समजला. सोनं चोरीला गेलं तर ते चोराच्या घरीही सोनंच राहतं. आज नाही तर वर्षानं सापडलं तरी तेवढंच भरतं. झाडाला चोराच्या घरीही रोज तहान लागते. इथं चोर पकडून भागणार नव्हतं. लवकर पकडायला हवा होता.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार वयस्कर, शांत माणूस. काय गेलं, त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, वड.

"वड कसा काय जाईल बाई? रस्त्याच्या कडंचा होता का?"

सिस्टरनं मोबाइलमधला फोटो दाखवला. हवालदारांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला आणि मग माणूस हरवल्यासारखे प्रश्न सुरू केले. वय किती, उंची किती, अंगावर काही खूण. सिस्टरनं सगळं सांगितलं. उजवीकडची एक फांदी कोपरात वाकवल्यासारखी आहे, तिला मी स्वतः तार बांधून वळवली होती. हवालदारांनी मान हलवली. मग म्हणाले, "कॅमेरे हायेत का घरी?"

"बसवणं चालू होतं."

"बसवणारा कुठंय?"

मी हात वर केला. शाळेत गृहपाठ न केलेला पोरगा करतो तसा. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, गेटपासून पोत्यापर्यंत. लिहून घेताना दोनदा थांबून माझ्या तोंडाकडं बघितलं. हसले नाहीत. सरकारी माणसाचा मोठेपणा तो हाच.

आता मला शांत बसवेना. दुसऱ्या दिवशी मी कॉलनीतले कॅमेरे तपासायला निघालो. कुणाचा कॅमेरा चालू आहे आणि कुणाचा नुसताच शोभेला आहे, हे पोलिसांपेक्षा आम्हाला जास्त माहीत असतं. एकाच्या कॅमेऱ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. एकजण पासवर्ड विसरला होता. एकाचा तर मुळातच खोटा होता, आत बॅटरीवर लुकलुकणारा दिवा तेवढा. तो मीच त्याला विकला होता. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा मात्र चालू निघाला. तोही मीच बसवलेला. बसवताना गिरणीची पाटी फ्रेममध्ये आली पाहिजे म्हणून मी त्याचं तोंड पश्चिमेला केलं होतं. दुपारनंतर ऊन थेट भिंगात शिरतं आणि चित्र पांढरं होतं. टेम्पो दिसला, त्याच्या नंबराच्या जागी नुसता सूर्य. गिरणीवाले म्हणाले, "तरी बरं, पाटी बाकी लई छान आली."

मागून मात्र टेम्पो जरा दिसत होता, आणि झाड चढवताना मी बघूनही न बघितलेलं आता दिसलं. हौद्यात लोखंडी फळ्यांचे तीन मजले, वरून हिरवं कापड.

एवढ्यावरून मी असा निष्कर्ष काढला की ही हैदराबादची टोळी आहे. कशावरून, ते विचारू नका. हिरव्या कापडात मला आंतरराज्य काहीतरी दिसलं. टोळी म्हणजे माल विकणार, विकणार म्हणजे नर्सरीवाल्यांना खबर असणार. मी नांदेडला आलो, गॉगल घातला, पुण्याहून आलेला हौशी गिऱ्हाईक बनून एका मोठ्या नर्सरीत शिरलो आणि जाड आवाजात म्हटलं, जुना वड मिळेल का, बोन्साय?

मालकानं वर बघितलं. "बालाजीराव, गॉगल कामून घातलाव? अन् माझा तीन नंबरचा कॅमेरा कधी बगायलाव?"

गॉगल काढला. खरं ते सांगितलं. टेम्पोचं वर्णन ऐकून ते लगेच म्हणाले की असे मजले भाड्याच्या कुंड्यावाल्यांच्या टेम्पोत असतात. लग्नाला, ऑफिसला, उद्घाटनाला झाडं भाड्यानं देणारे लोक असतात, कुंड्या एकावर एक रचता याव्यात म्हणून फळ्या. मी हसलो. म्हटलं, लग्नात वड कोण ठेवणार? स्टेजवर नवरा-नवरीच्या बाजूला? तेही हसले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला कॅलेंडर होतं. परवाच्या चौकोनात गोल चंद्र आणि खाली वटपौर्णिमा असं छापलेलं असणार. आम्ही दोघं शहाणे त्याच्याखाली उभं राहून हसलो.

पौर्णिमेच्या दिवशी मी भल्या सकाळी निघून पुन्हा लातूरला गेलो. टोळीचा तपास बंद पडला होता, निदान कॅमेऱ्यांचं काम तरी पुरं करावं म्हणून. सिस्टर झाडांना पाणी घालत होत्या. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मी डब्यात हार्डडिस्क बसवली. उशिरा का होईना, डबा आता लक्षात ठेवायला लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन. सुनंदा म्हणजे आमची मंडळी. उपास असला की ती जास्त बोलते. चौकातला आपला वड रस्ता रुंद करताना गेला, आता फांदी तोडून पूजा करायची तिला पटत नाही, तर तिची मैत्रीण संध्या राहते त्या अपार्टमेंटमध्ये या वर्षी वडच भाड्यानं आणलाय.

"लॉबीत टेबलावर ठेवलाय म्हणं. लहानच हाय, पण पारंब्या सोडलेला. संध्या म्हणली, लई जुना दिसतो. मी तिकडंच जाऊन येते."

माझ्या हातातला पाना खाली पडला. म्हटलं, पारंब्या? कशा आहेत?

"अहो, मी बगितल्या का अजून? उपास हाय मला, डोकं खाऊ नका."

आता कोणीही सरळ माणूस काय करेल? बायकोला सांगेल, तिथं जाऊन एक फोटो पाठव. मला ते सुचलंच नाही. मला माझं यंत्र सुचलं. त्या अपार्टमेंटचे कॅमेरे मीच बसवले होते. हल्लीचे कॅमेरे पासवर्ड असला की कुठूनही मोबाइलवर दिसतात. बसवताना पासवर्ड आम्ही टाकतो, मालकानं तो नंतर बदलायचा असतो आणि आम्ही आपल्या फोनमधून काढून टाकायचा असतो. मालक बदलत नाहीत. आम्ही काढत नाही. मी ॲप उघडलं आणि लातूरच्या परसात बसून नांदेडच्या लॉबीत शिरलो.

चित्र वरून, कोपऱ्यातून. आवाज नाही. काठापदराच्या साड्या नेसलेल्या बायका एका टेबलाभोवती चालत होत्या. हातात दोऱ्याची गुंडी, ओठ हलत होते. एक थांबली की दुसरी शिरत होती. आणि टेबलाच्या मधोमध ते होतं, दोऱ्यांनी पांढरं झालेलं, हळदीनं पिवळं झालेलं.

सिस्टरनं फोन माझ्या हातातून घेतला. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं. उजवीकडची फांदी, कोपरात वाकलेली.

"हाच."

पडद्यावर एका बाईनं तांब्यातलं पाणी मुळाशी ओतलं. तिच्या मागचीनं ओतलं. मग तिसरीनं. तीन-चार दिवस ज्या पाण्यासाठी सिस्टरच्या जिवाला घोर होता, ते पाणी सगळ्या अपार्टमेंटच्या बायका रांगेनं घालत होत्या. सिस्टरचे खांदे खाली आले. आणि पाचव्या तांब्याला त्या पडद्याशी बोलायला लागल्या, "बास गं. बास. आता मुळं कुजवता का?"

अडचण वेगळीच होती. बायकोच्या म्हणण्याप्रमाणं पूजा झाली की कुंड्यावाला दुपारी वड न्यायला येणार होता. एकदा टेम्पोत चढला की मग कुठं जाईल ते देवाला ठाऊक. लातूरहून नांदेड म्हणजे सहज तीन तास. सिस्टरनं हवालदारांना फोन लावला, ते म्हणाले नांदेडच्या ठाण्यातून कुणाला तरी पाठवायला सांगतो, वेळ लागेल. मी सुनंदाला फोन लावला आणि सांगितलं, तू तिथं जा, आम्ही येईपर्यंत ते झाड हलू देऊ नको. कसं ते तू बघ. कुंड्यावाल्याला संशय येऊ देऊ नको.

ती म्हणाली, "तुमचं काम हाय का हे?" म्हटलं, हो. "मग बिघडलंच असंल काहीतरी," म्हणाली आणि निघाली.

आम्ही माझ्या व्हॅनमधून निघालो. सिस्टर शेजारी फोन धरून. अहमदपूरच्या अलीकडं त्या म्हणाल्या की एक जांभळ्या साडीतली बाई आली आहे आणि ती थांबतच नाही. मी बघितलं. सुनंदा. ती फेऱ्या घालत होती. बाकीच्या बायका सात घालून बाजूला होत होत्या, ही चालतच होती. थोड्या वेळानं लॉबीच्या दारातून पांढरा शर्ट आत आला. भांग तसाच नीट. मी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. तो टेबलाजवळ गेला, सुनंदाकडं बघितलं, दोन पावलं मागं सरकला आणि चपला काढून, हात जोडून भिंतीशी उभा राहिला.

मग रेंज गेली.

लोह्याच्या पुढं रेंज परत आली तेव्हा ती अजून चालतच होती, आणि तो आता खुर्चीवर बसला होता. नंतर कळलं ते असं. त्यानं घाई करून बघितली होती. तेव्हा सुनंदानं सगळ्यांसमोर जाहीर केलं की तिनं एकशे आठ फेऱ्या बोलल्या आहेत. आणि संध्यानं त्याला झापलं की फेऱ्या चालू असताना वड कुणी हलवतं का, तुला आई-बहीण नाही का? चोर असला तरी मराठवाड्यातला होता. बाईच्या फेऱ्या मोडायची त्याची छाती झाली नाही. माझे चार कॅमेरे आणि लाल दिवे ज्याला अडवू शकले नाहीत, त्याला एका उपाशी बाईनं नुसतं चालून दुपारभर बसवून ठेवलं.

आम्ही पोचलो तेव्हा ठाण्यातून आलेला एक शिपाई नुकताच मोटरसायकल लावत होता. तिघं एकदमच आत गेलो. मला बघून पांढऱ्या शर्टाचा चेहरा उतरला नाही. उलट खुलला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा.

सिस्टर त्याच्याकडं गेल्याच नाहीत. त्या झाडाकडं गेल्या. मातीत बोट घातलं, पानं उलटून बघितली. मग दोरा बघितला. पूजेचा कच्चा दोरा, पण दिवसभरात शेकडो वेढे बसलेले आणि वर एकशे आठ आमच्या घरचे. ओला होऊन बुंध्यात रुतत होता. "प्लास्टर घट्ट झालंय," त्या म्हणाल्या आणि पर्समधून कात्री काढली. बँडेज कापायची, वाकड्या तोंडाची.

एक वयस्कर बाई पुढं झाल्या. आजच्या दिवशी दोरा कापू नये, बाई. सिस्टर थांबल्या. कात्री परत ठेवली आणि बोटांनी दोऱ्याचं टोक शोधायला लागल्या. मग दोघी-तिघी मदतीला बसल्या. पण उलगडायचं म्हणजे उलट्या फेऱ्या, आणि उलट्या फेऱ्या घातल्या तर बांधलेले जन्म सुटायचे, अशी शंका कुणीतरी काढली.

"सुटू द्या," मागून संध्याचा आवाज आला. "मी माझा स्वतःच सोडते."

"तुझा कोणता, ते कळायलंय का तुला? एकीचा सोडायला जाशील अन् दुसरीचा नवरा सुटंल."

हसत हसत त्या सगळ्या टेबलाभोवती उलट्या फिरायला लागल्या. मधे सिस्टर झाड धरून उभ्या. कुणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही किती वर्षं पूजता याला? सिस्टर म्हणाल्या, "पूजत नाही. पाणी घालते." दोरा निघत राहिला.

इकडं शिपायानं पांढऱ्या शर्टाला विचारलं, झाड कुठून आणलं. तो म्हणाला की लातूरच्या प्रदर्शनात हे झाड बघितलं होतं. भाड्यानं द्या म्हणून बाईंना विनवलं, त्या न्हाई म्हणल्या. (प्रदर्शनात झाड मागणारे पुष्कळ भेटतात, सिस्टरला हा आठवतही नव्हता.) आजच्या दिवसापुरतं नेलं, उद्या परत ठेवणार होतो. आणि मग माझ्याकडं बोट केलं.

"अन् साहेब, चोरी कशी म्हणता? ह्यांनीच गेट उघडलं. ह्यांनीच झाड धरू लागलं. पोतं अंथर म्हणले, सावकाश ने म्हणले. मला वाटलं घरचेच हायेत."

शिपाई माझ्याकडं वळला. "हे खरं हाय का?"

खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या बचावाचा मुख्य साक्षीदार मीच होतो.

माझी अब्रू जायची एवढीच बाकी होती, तीही गेली. अपार्टमेंटच्या कमिटीच्या अध्यक्ष बाई इतका वेळ शांतपणे सगळं बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, झाड इथं आहे हे तुम्हाला लातूरला बसून कसं कळलं? मी अभिमानानं फोन वर केला. आणि फोन वर असतानाच मला कळलं की मी काय सांगून बसलो. एक बाई पदर नीट करत कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघायला लागली. बाकीच्यांनीही वर बघितलं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला कवाही बगू शकता?"

मी म्हटलं, बघत नाही. अध्यक्ष बाई म्हणाल्या, ते विचारलं नाही.

चोर आत येऊ नये म्हणून मी लोकांच्या घरांना डोळे लावून देतो, आणि त्या प्रत्येक डोळ्याची एक चावी माझ्या खिशात राहून जाते. पांढऱ्या शर्टानं निदान गेट वाजवलं होतं. मी न वाजवताच आत जात होतो. त्यांच्यासमोरच मी पासवर्ड पुसला आणि नवा टाकायला लावला. त्या अपार्टमेंटचं काम माझ्याकडून गेलं. आठवड्याभरात मी बाकीच्या सगळ्या ग्राहकांकडं फिरून तेच केलं. दोघांनी आभार मानले. बाकीच्यांनी मी इतके दिवस काय करत होतो ते विचारलं.

तक्रार सिस्टरनं मागं घेतली नाही. परत ठेवणारच होता हो, सोडून द्या, असं बरेच जण म्हणाले. त्यांनी एकच विचारलं, आधीची दोन कुठं आहेत? तीही त्यानंच नेली होती हे मग निघालं. ती दोन्ही एका कोचिंग क्लासच्या रिसेप्शनवर महिनाभर एसीखाली होती. बोगनवेल जगली. चिंचेची काडी झाली होती. सिस्टरनं ती तशीच मागून घेतली. वडाची पानं घरी आल्यावर सगळी गळली, एक पारंबी दोऱ्यानं कापली गेली, आणि आषाढात शेंड्यांना लाल टोकं फुटली. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

सुनंदाचे पाय दोन दिवस सुजले होते. मी तेल लावायला बसलो आणि कौतुकानं म्हटलं, माझ्यासाठी एकशे आठ फेऱ्या. ती म्हणाली, त्या झाडासाठी होत्या, तुमच्या सातात धरू नका.

आता कुणाकडं झाडांचा संग्रह असेल तर मी कॅमेऱ्याच्या आधी वेगळ्याच गोष्टी सांगतो. ट्रेच्या भोकातून जाड तार ओवून रॅकला आवळा, म्हणजे उचलणाऱ्याला पक्कड लागेल आणि वेळ लागेल. प्रत्येक झाडाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, फांद्यांवरून झाड ओळखता येतं. प्रदर्शनात झाड मांडा, पण घरचा पत्ता मांडू नका. कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणाऱ्याच्या पाठमोरं होऊन बदला. आणि चोर रिकाम्या हातानं, तोंड बांधून येईल अशा भ्रमात राहू नका. तो इस्त्रीचा शर्ट घालून, धंद्यातला एखादा शब्द पाठ करून येतो. त्याला ओळखायला भिंग लागत नाही, मालकाला एक फोन पुरतो. तो मी केला नाही.

परवा अर्धापूरहून एका केळीवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. घरामागं त्यांनी निवडुंगाच्या पुष्कळ जाती जमवल्यात, कॅमेरे लावायचेत. नंबर कुणी दिला विचारलं तर म्हणाले, लातूरच्या सिस्टरनं. मला फार बरं वाटलं. सगळं होऊन त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. म्हटलं, काय म्हणाल्या त्या?

"म्हणल्या, माणूस इमानदार हाय. काम पक्कं करतो."

मी खुर्चीत जरा ताठ बसलो आणि उगंच विचारलं, अजून काही?

"हाव. म्हणल्या, तो काम करत असला की घर सोडून कुठं जाऊ नका."